पोट रोज सकाळी सव्वासहालाच दुखतं

अबोली७९ | ८ जुलै २०२४, रात्री ११.४०

बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा, यंदा चौथीत. चिंचवडला राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि वरच्या मजल्यावर दीर-जाऊ. १५ जूनला शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वासहा वाजले की याचं पोट दुखायला लागतं. बेंबीपाशी. गुडघे पोटाशी घेऊन पडतो, घामाघूम होतो. साडेसातला व्हॅन निघून गेली की हळूहळू ओसरतं, नऊला पोहे मागतो. रविवारी काहीही नाही.

रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. जंताचं औषध झालं. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "पोटात काही नाही, मनात काहीतरी आहे, त्या बाजूनं बघा." हे एकच वाक्य घरात चौघांनी चार तऱ्हांनी ऐकलं. नवऱ्यानं ऐकलं, नाटक आहे. दिरांनी ऐकलं, मोबाईल काढून घ्या. सासूबाईंनी ऐकलं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. आणि मी ऐकलं की माझी नोकरी नडली.

विचारायचं म्हणून सगळं विचारून झालं. कुणी मारतं का, बाई ओरडतात का, व्हॅनमध्ये कुणी काही करतं का. "काही नाही" एवढंच उत्तर. मागच्या सोमवारी नवऱ्यानं उचलून व्हॅनमध्ये घातलं. वाटेत ओकला, शाळेतून न्यायला या म्हणून फोन. त्या रात्री अंथरूण ओलं केलं, चार वर्षांनी.

काय करू? आणि कुणाकडे जायचं असतं अशा वेळी?

---

दादरकर_काका | ९ जुलै, सकाळी ७.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या वेळी पोट दुखलं की एरंडेल मिळायचं. पुन्हा दुखायची हिंमत व्हायची नाही पोटाची. हल्ली मुलाला शिंक आली तरी समुपदेशक. आठ दिवस घरात टीव्ही बंद, खाऊ बंद, बघा कसा पळतो शाळेत.

---

झिम्मा | ९ जुलै, सकाळी ९.३०

काका, एरंडेलानं पोट थांबायचं की पोर सांगायचं थांबायचं?

अबोली, माझी मुलगी आता सोळाची आहे. सहावीत असताना तिचं डोकं दुखायचं, तेही सोमवारी आणि गुरुवारी. आम्ही चष्मा केला, दुसरा केला. गुरुवारी पीटी असते हे कळायला मला पाच महिने लागले. तेव्हा नोकरीला लावू नका दोष. मी घरीच होते.

---

खडूफळा | ९ जुलै, दुपारी २.१५

सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर आहे, चोवीस वर्षं झाली. मधल्या सुट्टीत लिहितेय म्हणून थोडक्यात विचारते.

ज्या दिवशी तो शाळेत पोचतो त्या दिवशी नंतर कसा असतो? बाईंना विचारा. सारखा घरी फोन लावायला सांगतो का? घरात गेल्या वर्षभरात कुणाचं आजारपण, कुणी गेलं, काही भांडण?

शाळेला घाबरणारं पोर आणि घर सोडायला घाबरणारं पोर, दोन्ही फाटकापाशी सारखीच रडतात. आत आल्यावर फरक कळतो. शाळेला घाबरणारं एखाद्या ठरावीक तासाला, ठरावीक मुलाजवळ आक्रसतं. दुसरं घड्याळाकडे बघत बसतं.

---

शिरीषफूल | ९ जुलै, रात्री १०.२०

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे, ठाण्यात मुलांबरोबर काम करते. धाग्यावरून निदान होत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

पहिलं म्हणजे दुखणं खरं असतं. आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची थेट ये-जा आहे. परीक्षेच्या आधी आपल्याला संडासला लागतं ते काही आपण ठरवून करत नाही. भीती वाटली की नऊ वर्षांच्या मुलाला "मला धास्ती वाटतेय" असं म्हणता येत नाही. पोट दुखतंय हे त्याला म्हणता येतं. "नाटक" हा शब्द घरातून आधी हद्दपार करा, त्याच्यामागे बोलतानासुद्धा. भिंती पातळ असतात.

पण डॉक्टरांचं दार बंद करू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, ताप, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, यातलं काही दिसलं तर पुन्हा तपासणी.

दुसरं ऐकायला कडू आहे. घरी ठेवल्यानं त्या दिवशी सुटका होते, पण भीतीला खुराक मिळतो. व्हॅन गेली, पोट थांबलं, म्हणजे मेंदू शिकला की न जाणं हेच औषध. तीन आठवडे मोडले की सहा मोडतात. मात्र उचलून कोंबणं हाही उपाय नाही, ते तुम्ही पाहिलंच आहे. मधली वाट असते, पायरी-पायरीची. आधी घरचं चित्र कळू द्या. खडूफळा बाईंनी विचारलेलं सांगा.

---

अबोली७९ | १० जुलै, रात्री १२.१०

आज बाईंशी बोलले. शाळेत त्याला काहीच त्रास नाही, मित्र आहेत, गणितात तर पुढे असतो. पण हो, मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन घरी फोन करू द्या म्हणतो. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "करतो की. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारतो आणि ठेवतो. गुणाचं पोर."

सासरे फेब्रुवारीत गेले. पण त्यानं ते मनाला फार लावून घेतलं नाही. एकदाही रडला नाही, मार्चच्या परीक्षेत नेहमीसारखे मार्क. आम्ही सगळे म्हणत होतो, बरं झालं, लहान आहे, विसरेल.

---

पाटीपेन्सिल | १० जुलै, रात्री १२.३५

ताई, सासऱ्यांना काय झालं होतं?

---

अबोली७९ | १० जुलै, रात्री १२.५०

पोटाचं.

जठराचा कॅन्सर. जानेवारीत कळलं तेव्हा फार पुढे गेलं होतं. शेवटचं हॉस्पिटलमध्ये नेलं ते पहाटे पोट धरून बसले म्हणून. याला आम्ही सांगितलं, आजोबांचं जरा पोट दुखतंय, तू शाळेत जा, दुपारी येतील. दुपारी त्याला परस्पर माझ्या बहिणीकडे पाठवलं, तेरावं होईपर्यंत तिकडेच. आला तेव्हा हॉलमधली खाट उचललेली होती, तिथे भिंतीला टीव्ही लावला होता.

मी आता दिवा लावून बसले आहे. पाच महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

---

शिरीषफूल | १० जुलै, सकाळी ८.००

अबोली, ही शक्यता मोठी दिसते, पण अजून शक्यताच आहे. घाईनं त्याला समोर बसवून "तुला आजोबांमुळे पोट दुखतं ना" असं विचारू नका. तो "हो" म्हणेल, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

त्याच्या बाजूनं मांडून बघा. आजोबांचं पोट दुखलं. मी शाळेत गेलो. आलो तर आजोबा नव्हते, खाटही नव्हती. कुणी रडताना दिसलं नाही, कुणी काही बोललं नाही. या हिशेबात शाळेत जाणं ही गोष्ट किती धोक्याची ठरते! आणि आजीची गोळी कोण बघणार? नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे पुरतं कळतं. कळत नाही ते एवढंच, की यात त्याचा काही दोष आहे का आणि आता पुढचा नंबर कुणाचा.

मुलांचं दुःख मोठ्यांसारखं सलग नसतं. पाच मिनिटं उदास, मग क्रिकेट, मग चार महिन्यांनी भलत्याच वेळी. न रडणं म्हणजे विसरणं नव्हे.

---

दादरकर_काका | १० जुलै, सकाळी ८.४०

म्हणजे आता पोरांना स्मशानात न्यायचं? मुलांना बाजूला ठेवायची रीत उगाच नाही पडली. ते दृश्य बघून दहा वर्षं झोपलं नाही तर?

---

खडूफळा | १० जुलै, दुपारी २.२०

स्मशान आणि बहिणीचं घर यांच्या मध्ये बरीच जागा असते काका. अंगणात उभं करून नमस्कार करू द्यायचा, फुलं वाहू द्यायची, नको म्हणाला तर नको. निदान जे झालं ते कुणीतरी त्याच दिवशी त्याला सांगायचं. माझ्या वर्गात एका मुलीला "बाबा गावाला गेलेत" म्हणून सांगितलं होतं. ती वर्षभर एसटी आली की खिडकीशी जायची. वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून.

---

पाटीपेन्सिल | १० जुलै, सायंकाळी ७.००

मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि मी असाच मुलगा होतो. माझ्यात पोटाऐवजी श्वास होता. आईचं ऑपरेशन झालं होतं, मला "आई मामाकडे" सांगितलं. मग कळलं. त्यानंतर घरातले काहीही म्हणाले की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, खरं बोलतायत का. अजूनही बघतो.

सगळ्यांना वाटतं मुलगा प्रश्न विचारत नाही म्हणजे त्याला प्रश्न नाही. तो बघत असतो, कुठल्या प्रश्नाला आईच्या डोळ्यांत पाणी येतं. मग तो प्रश्न यादीतून काढतो.

---

रानवाट | ११ जुलै, रात्री ९.३०

थोडं अवांतर. मी वाशिम जिल्ह्यात, गावातून. ठाणे-पुण्यात तुमच्या गल्लीत तज्ज्ञ असतील. इथं काय? माझ्या पुतण्याचं असंच काहीतरी चालू आहे, पण तो पंधराचा आहे, बोलतच नाही, रात्रभर जागा.

---

शिरीषफूल | ११ जुलै, रात्री ११.००

रानवाट, अवांतर मुळीच नाही. १४४१६ हा टेलि-मानस या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून "पुतण्याशी कसं बोलू" एवढंही विचारू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. मुलाला घरात-दारात कुणी इजा करत असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

पंधराचा मुलगा, झोप नाही, बोलणं बंद. त्याला सरळ विचारा: "जगणं नको वाटतं का रे कधी?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर आजच कुलपात, किल्ली स्वतःजवळ. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना.

---

रानवाट | ११ जुलै, रात्री ११.२५

औषध गोठ्यातच असतं, उघड्यावर. उठलो आता.

---

सातासमुद्रा | १२ जुलै, पहाटे ३.१०

इंग्लंडमधून. इथे सगळं असतं असं वाटत असेल तर सांगते, मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेची प्रतीक्षायादी काही महिन्यांची. माझ्या मुलाचा नंबर लागेपर्यंत शाळेतल्या एका मदतनीस बाईंनीच त्याला सावरलं. सकाळी दारात त्याला एक काम द्यायच्या, रंगाच्या पेन्सिली मोजून ठेवायचं. तीस पेन्सिली मोजेपर्यंत रडं थांबलेलं असायचं.

---

झिम्मा | १२ जुलै, सकाळी १०.००

कुणाकडे जायचं यावर एक व्यवहाराची गोष्ट. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमडी डॉक्टर, औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, तो क्रमांक बिनधास्त मागा. नुसती पाटी लावून बसलेलेही खूप आहेत. आमच्याकडे एकानं पहिल्याच भेटीत मुलीच्या बोटांचे ठसे घेऊन "बुद्धीचा कल" काढून दिला होता, साडेतीन हजारांना. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायचा आहे, पण बाह्यरुग्ण भेटींचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत, तेव्हा भरवसा ठेवू नका.

---

अबोली७९ | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

उशिरा लिहितेय, माफ करा. पुण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जातो आहोत, तीन भेटी झाल्या. एका भेटीचे बाराशे. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाशी दहा मिनिटं आणि आमच्याशी पाऊण तास घेतला. नवरा चिडला होता, पैसे मुलाचे आणि क्लास आमचा म्हणून.

ठरलं ते असं. ताप, उलटी, जुलाब यातलं काही नसेल तर शाळा. उशिरा चालेल, पण शाळा. सकाळी "दुखतंय का" हा प्रश्न मी विचारायचा नाही. (मी रोज विचारत होते! सव्वासहाला! मीच गजर होते.) घरी राहिलाच तर टीव्ही नाही, पोहे नाहीत, साधा वरणभात आणि पुस्तक. पहिले चार दिवस फाटकापर्यंत जाऊन परत. मग शाळेतल्या बाईंबरोबर एक तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. आता पूर्ण दिवस, व्हॅन नाही, बाबा स्कूटरवरून सोडतात. निरोप एकदाच, छोटा, आणि नजर चुकवून पळायचं नाही. फोन रोज एक, साडेदहाला. पुढच्या आठवड्यापासून एक दिवसाआड.

सगळ्यात अवघड होतं ते आजोबांचं बोलणं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं, कारण उकरायला बसू नका, आजोबा घरात परत आणा. आम्ही फोटोला हार घालून मोकळे झालो होतो, त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. सासूबाईंसमोर काढायचं नाही म्हणून आम्ही गप्प, आमच्यासमोर नको म्हणून त्या गप्प.

एका रात्री जेवताना सासूबाईच म्हणाल्या, "ह्यांना कारल्याची भाजी आवडायची, तुम्हा कुणाला करता येत नाही तशी." आणि रडल्या. मुलगा ताटावरून उठला नाही. बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, तुझं पोट दुखतं का?"

नवऱ्यानं त्याला तिथेच सगळं सांगितलं. काय आजार होता, आजोबा कधी गेले, तेव्हा तो वर्गात होता, आणि तो घरी असता तरी काही वेगळं झालं नसतं. "तुला आधी सांगायला हवं होतं, आम्ही चुकलो." माझ्या नवऱ्याच्या तोंडून चुकलो हा शब्द मी चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मुलानं एकच विचारलं, "खाट कुठाय?"

खाट आम्ही सोसायटीच्या वॉचमनला दिली होती. दुसऱ्या दिवशी बापलेक जाऊन बघून आले. त्यांच्याकडे त्यावर एक बाळ झोपतं. घरी येऊन म्हणाला, "ठीक आहे."

---

दादरकर_काका | ५ ऑगस्ट, सकाळी ६.५०

वाचलं.

---

दादरकर_काका | ५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

माझा धाकटा भाऊ मी अकरा वर्षांचा असताना गेला, विषमज्वरानं. आम्हाला शेजारी ठेवलं होतं. त्याचा चेंडू आईनं कुठे टाकला ते मी कधी विचारलं नाही. एरंडेलाचं मागे घेतो.

---

अबोली७९ | २० सप्टेंबर, रात्री ११.००

सगळं छान झालं असं लिहायला आले असते तर बरं वाटलं असतं. गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोमवारी पोट, मंगळवारी पोट. नवरा परत "आता पुरे" वर आला, मीही ओरडले. दिरांनी एक अर्धा दिवस सांभाळला, तोच मोबाईलवाला दीर! त्याला घेऊन कॅरम खेळत बसले आणि अकराला शाळेत सोडून आले. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणतात, प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर होईल, पायऱ्या परत खालून, पण या वेळी लवकर चढेल. तसंच झालं, नऊ दिवस लागले.

एक विचारायचं आहे. पितृपक्ष सुरू झाला. पहिलं वर्ष आहे म्हणून सासूबाईंना श्राद्ध घालायचं आहे. त्याला त्यात घ्यावं का? की पुन्हा जखम उघडेल?

---

शिरीषफूल | २१ सप्टेंबर, सकाळी ९.१५

त्यालाच विचारा. काय होणार आहे ते आधी सांगा: गुरुजी येतील, पिंड ठेवतील, आजी रडेल कदाचित. मग हवं तर ये, मध्येच उठावंसं वाटलं तर ऊठ. नको म्हणाला तर शाळेत जाऊ दे, पण परत आल्यावर काय काय झालं ते सांगा.

---

खडूफळा | २१ सप्टेंबर, दुपारी २.३०

आणि त्या दिवशी त्याच्याकडे एखादं काम द्या. इंग्लंडच्या पेन्सिलींसारखं.

---

रानवाट | २२ सप्टेंबर, रात्री १०.००

पुतण्याचं सांगायचं राहिलं. सिव्हिलला नेतो दर पंधरा दिवसांनी, औषध चालू आहे. उत्तर "हो" आलं होतं. जास्त लिहीत नाही. किल्ली अजून माझ्या करगोट्याला आहे.

---

झिम्मा | २२ सप्टेंबर, रात्री १०.२०

रानवाट दादा, एवढं लिहिलंत तेच खूप. येत राहा इथे.

---

अबोली७९ | ३ ऑक्टोबर, दुपारी १.००

श्राद्धाला तो थांबला. गच्चीवर काकबळी ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. पानावर सगळं वाढलं, वर कारल्याची भाजी, सासूबाईंनी शिकवून मी केलेली. बराच वेळ कावळा येईना. सासूबाई पुटपुटायला लागल्या, ह्यांचं काय अडलंय. तर हा पानाजवळ वाकून मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, आजीच्या गोळ्या मी नाही बघत आता. काका बघतात." दिरांनी मान हलवली.

कावळा तरीही आला नाही, पंधरा मिनिटांनी एक खार येऊन भात घेऊन गेली. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, चालेल.

आज सकाळी पोट थोडं दुखलं. साडेसातच्या व्हॅननं गेला, स्वतःहून. साडेदहाला फोन आला नाही. सासूबाई मात्र अकरापर्यंत फोनशेजारी बसून होत्या.